ऑगस्टात मसाई मारा, सोबत सासू-सासरे आणि ९ वर्षांचा मुलगा: चावणाऱ्या सगळ्या गोष्टींबद्दल विचारायचंय

भटकी_मांजर
नमस्कार मंडळी. किती वर्षं नुसतं ठरवत होतो ते यंदा जमलं एकदाचं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केनिया, ८ दिवस, नैरोबी-अंबोसेली-नैवाशा आणि शेवटी तीन रात्री मसाई मारा. मी, नवरा, मुलगा (वय ९), सासरे ६७, सासूबाई ६३. पैसे भरून झालेत. आता रोज रात्री जेवणं झाली की मुलगा यूट्यूबवर मगरीने वाइल्डबीस्ट कसं ओढलं ते लावतो, सासूबाई शेजारी बसून सगळं बघतात आणि झोपताना मला विचारतात, अगं त्या तंबूला आतून कडी असते का. टूरवाल्यांना विचारलं तर "मॅडम काही काळजी करू नका" एवढंच. आता तेच ऐकून काळजी वाटायला लागलीय. प्राणी, डास, त्या झोपेच्या आजाराच्या माश्या, जे काय असेल ते जाऊन आलेल्यांनी खरंखरं सांगा प्लीज. घाबरवलंत तरी चालेल पण उगाच नको.

नैरोबीकर
ताई, अकरा वर्षं झाली इथे. कडी नसते, चेन असते 😀 पण सासूबाईंना सांगा, तंबूत शिरून कोणी नेत नाही. चेन पूर्ण लावायची आणि खाण्याचं काही आत ठेवायचं नाही, माकडं त्यासाठी येतात.

गाडीत असताना सिंहाची भीती काढून टाका. मारातले सिंह जन्मल्यापासून लँड क्रूझर बघतात, त्यांच्या लेखी गाडी म्हणजे आवाज करणारा एक मोठा दगड. उन्हात कधीकधी गाडीच्या सावलीत येऊन बसतात. फक्त त्या दगडातून माणसाचा आकार वेगळा दिसता कामा नये. म्हणजे खिडकीतून अर्धं बाहेर लोंबकळणं, टपावर बसणं, मोबाइल पडला म्हणून खाली उतरणं हे अजिबात नाही. लेकाला हे आधीच दमात घेऊन सांगा.

माझं मत विचाराल तर जपायचं ते गाडीतून उतरल्यावर. नैवाशाला तुमचं लॉज तळ्याकाठी असेल. तिथे संध्याकाळनंतर पाणघोडे लॉनवर चरायला येतात, खरंच सांगतोय, कुंपण असलं तरी वाट काढतात. दीड-दोन टनांचं जनावर आणि माणसापेक्षा जोरात पळतं. त्याला तुम्हाला खायचं नसतं, पण तुम्ही त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे असलात की संपलं. म्हणून जेवणानंतर खोलीवर जाताना लॉजचा रखवालदार सोबत येतो, त्याला इथे अस्कारी म्हणतात, हातात मोठा टॉर्च असतो. दहा मिनिटं थांबावं लागलं तरी थांबायचं, "समोरच तर आहे खोली" म्हणून निघायचं नाही. माझा मेहुणा आला होता, तो असाच निघाला. अंधारात कचाकच गवत उपटल्याचा आवाज येत होता, आपल्याकडे म्हशी चरताना येतो ना अगदी तसाच, त्याला वाटलं गाय आहे. अस्कारीने मागून कॉलर धरून खेचलं. टॉर्च मारला तर वीस पावलांवर ते धूड. तो त्या रात्री जेवलेलं सगळं ओकला.

ओपीडी_नंतर
मी जनरल प्रॅक्टिस करते, त्यामुळे थोडं रुक्ष लिहिते, माफ करा.

यलो फीव्हरची लस आधी. केनियात उतरताना भारतातून थेट आलेल्यांना लस घेतल्याचं कार्ड लागत नाही, म्हणून बरेच जण गाफील राहतात. लागतं ते परत येताना. आपल्याकडे हा आजार नाही पण तो पसरवणारा डास, तोच डेंग्यूवाला एडिस, गल्लोगल्ली आहे, आणि लोकांना लस दिलेली नाही. उद्या एक पेशंट आला तर काय होईल कल्पना करा. त्यामुळे केनियातून येऊन कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात आणि ठेवतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, ठरावीक वारीच देतात कारण एका बाटलीत अनेक डोस असतात आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते. एकदा घेतली की झालं, २०१६ पासून कार्ड जन्मभर चालतं, आधी दर १० वर्षांनी घ्यावी लागायची.

आता महत्त्वाचं. ही जिवंत (क्षीण केलेल्या) विषाणूची लस आहे. साठीच्या पुढे पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी जास्त असते, अगदी दुर्मीळ असली तरी. तुमचे दोघंही साठीच्या पुढचे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, स्टेरॉइड, केमो, यातलं काही आहे का ते केंद्रावर न लपवता सांगा. सासू-सासरे काय काय गोळ्या घेतात?

मलेरियाच्या गोळ्यांचं दुसऱ्या पोस्टमध्ये लिहिते, पेशंट आलाय.

बिनधास्त_बाळ्या
लोकहो किती घाबरवता त्या ताईंना. आम्ही दोनदा जाऊन आलो, २०१७ आणि २०२३, चार जोडपी, एकानेही मलेरियाच्या गोळ्या घेतल्या नाहीत, ओडोमॉस लावलं संध्याकाळी आणि बिनधास्त फिरलो. तिकडे उलट थंडी असते, डास दिसलासुद्धा नाही. पुण्यात जास्त चावतात. यलो फीव्हर घ्या कारण सरकार घ्यायला लावतं, बाकी त्या गोळ्यांनी पोट बिघडून ट्रिपची वाट लागते. स्वानुभव नाही पण ऐकलंय.

तळजाई
बाळ्या, तुझी ती शेवटची ओळ फारच आवडली.

मी हे कुठे लिहिलं नव्हतं, आता लिहितो. आम्हीही मारालाच गेलो होतो, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. गोळ्या घेत होतो, रोजची एक, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. परतल्यावर आणखी सात दिवस घ्यायच्या असं डॉक्टरांनी पाकिटावर लिहून दिलं होतं. मुंबईच्या विमानात मी उरलेल्या गोळ्या बघितल्या आणि म्हटलं आता काय, आलो की घरी. बायकोने पूर्ण केल्या, मी नाही.

बाराव्या दिवशी ताप. पुण्यात सप्टेंबर, सोसायटीत तीन जणांना डेंग्यू, त्यामुळे घरच्यांनी, फॅमिली डॉक्टरांनी आणि मी स्वतःही ठरवूनच टाकलं की डेंग्यू. प्लेटलेट उतरल्या होत्याच, एक लाखाच्या खाली. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली तरी "सुरुवातीला येते कधीकधी" असं म्हणून सलाइन, पॅरासिटामॉल, पपईच्या पानांचा रस (आईचा आग्रह). तीन दिवस गेले. चौथ्या रात्री मी बडबडायला लागलो म्हणून ॲडमिट केलं. तिथे रात्रपाळीला एक अगदी पोरगेलासा रेसिडेंट होता, त्याने बायकोला विचारलं, गेल्या महिन्यात कुठे बाहेरगावी गेला होता का? बायको म्हणाली केनिया. तो म्हणे रक्ताची काच आत्ता बघतो. अर्ध्या तासात निदान, फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. आर्टेसुनेटची इंजेक्शनं, चार दिवस आयसीयू. वाचलो.

चार दिवसांत केनिया हा शब्द आमच्यापैकी कोणी एकदाही उच्चारला नव्हता. कोणी विचारलंही नव्हतं म्हणा, पण सांगायला काय झालं होतं?

आणि डास मलाही दिसला नव्हता रे बाळ्या.

ओपीडी_नंतर
तळजाई, बरं झालं लिहिलंत. त्या सात दिवसांचं कारण सांगते, कारण ते कळलं की लोक गोळ्या सोडत नाहीत. डास चावल्यावर मलेरियाचा जंतू आधी लिव्हरमध्ये जाऊन बसतो, साधारण आठवडाभर तिथेच वाढतो, ताप नाही काही नाही, मग रक्तात उतरतो. शेवटच्या रात्री डास चावला असेल तर तुम्ही घरी येऊन कपडे धुऊन इस्त्री करेपर्यंत तो लिव्हरमध्येच असतो. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिव्हरमध्येच मारतं म्हणून परतल्यावर ७ दिवस पुरतात. डॉक्सीसायक्लिन रक्तात उतरल्यावर मारतं म्हणून ते ४ आठवडे घ्यावं लागतं, शिवाय त्याने उन्हात कातडी भाजते आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. दोन्ही जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज जेवणासोबत किंवा दुधासोबत घ्या, पोटाचा त्रास बराच कमी होतो. मुलाचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची अर्धी तोडून देऊ नका. आणि ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, आजच ऑर्डर द्या.

थंडीचं म्हणाल तर नैरोबी शहर उंचावर आहे, तिथे धोका कमी, हे खरं. पण अंबोसेली आणि मारात धोका आहे. मलेरियाचा डास रात्री चावतो, आवाज फारसा करत नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्या, पायात मोजे, रात्री मच्छरदाणी गादीखाली खोचायची.

बिनधास्त_बाळ्या
बरं बाबा, मान्य. तिसऱ्यांदा गेलो तर घेईन. पण डास दिसला नव्हता हे खरं आहे 🙏

सेरेंगेटी_रिटर्न
त्सेत्से, म्हणजे त्या झोपेच्या आजाराच्या माश्या, त्यांचं कोणीच बोललं नाही अजून. आम्ही टांझानियात तरंगीरेला होतो, आयुष्यात विसरणार नाही. घरच्या माशीपेक्षा थोडी मोठी, राखाडी-तपकिरी, बसली की दोन्ही पंख कात्रीची पाती मिटावीत तसे एकावर एक ठेवते, ती ओळखायची खूण. चावली की तापलेली सुई घुसावी तसं होतं, जीन्समधूनसुद्धा. आणि चापट मारून मरत नाही! चपटी असते, मारली की खाली पडते, पंख झटकते आणि परत येते. आमचा ड्रायव्हर तिला बोटाखाली धरून चिरडायचा, मगच सोडायचा. डब्यात हत्तीचं शेण पेटवून तो डबा गाडीच्या मागे लटकवला होता त्याने. वास आपल्या गोवरीसारखाच, मला एकदम आजीचं घर आठवलं.

हलणाऱ्या मोठ्या वस्तूमागे लागते आणि निळा-काळा रंग तिला फार आवडतो. जंगलात जागोजागी निळे-काळे कापडी पडदे टांगलेले दिसतात, ते औषध लावलेले सापळे असतात. आमच्यातल्या एका काकांनी हौसेने सगळ्यांसाठी नेव्ही ब्लू टीशर्ट छापून आणले होते, मागे "जंगल में मंगल". काय सांगू. फिका खाकी, मातकट, ऑलिव्ह असले रंग घ्या, कापड जाड घ्या. अंगाला लावायच्या क्रीमचा हिच्यावर फारसा परिणाम होत नाही, डासांवर होतो.

नैरोबीकर
बरोबर. मारातही आहेत, मोकळ्या गवतात कमी, झुडपांच्या पट्ट्यात जास्त. पण झोपेच्या आजाराचं टेन्शन फार घेऊ नका. केनियात इथल्याइथे लागण झालेला शेवटचा रुग्ण २००९ मधला, आणि २०१२ मध्ये मारा बघून गेलेल्या युरोपातल्या दोन पर्यटकांना झाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केनियात हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही असं जाहीर केलं. माशी आहे, चावते, दुखतं, सूज येते, बहुतेक वेळा तेवढंच. चावलेल्या जागी काही दिवसांनी मोठी लालकाळी गाठ आली आणि ताप आला तर मात्र दाखवायचं.

एक गंमत म्हणजे ही माशी अंडी घालत नाही, पोटात एकेक अळी वाढवून जन्माला घालते. म्हणजे पिल्लावळ फार कमी. याचाच फायदा घेऊन झांझिबारच्या उंगुजा बेटावर नपुंसक केलेले नर सोडून सोडून तिला पार संपवली, १९९७ मध्ये.

ताडोबा_बफर
मी चंद्रपूरचा, केनियाला गेलो नाही आणि जाण्याची ऐपतही नाही सध्या, पण जंगलात रोज असतो म्हणून दोन शब्द. पाहुणे येतात ते जिप्सीत बसून वाघाला घाबरतात आणि मग उतरून गवतात सेल्फीसाठी लोळतात. गवतात काय असतं ते आम्हाला विचारा. २०१८ मध्ये आमच्या विदर्भात स्क्रब टायफसने किती लोक आजारी पडले, तो किडा तर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. अंगावर कुठेतरी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, काखेत, जांघेत, आणि डॉक्टरने कपडे काढून बघितलं नाही तर निदान हुकतं. खाली सिंधुदुर्गात माकडताप, तो गोचिडीमुळे. आफ्रिकेतही गोचिडीचा ताप आहे, त्यातही अशीच काळी खपली येते असं आमच्याकडे आलेल्या एका डॉक्टर पाहुण्यांनी सांगितलं होतं. तर पॅन्ट मोज्यात खोचा, दिसायला बावळट दिसतं पण खोचा. रात्री आंघोळीच्या वेळी मुलाच्या कानामागे, बेंबीत, गुडघ्यामागे बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, रॉकेल-बिकेल लावायचं नाही.

ओपीडी_नंतर
ताडोबा_बफर, शंभर टक्के. त्या आफ्रिकन तापाचे पेशंट जास्त करून दक्षिण आफ्रिकेकडून येतात, पण सवय म्हणून सगळीकडेच बघावं. स्क्रब टायफस आणि हा ताप, दोन्हींना डॉक्सीसायक्लिन लागू पडतं, वेळेत दिलं तर.

सर्पगंधा
साप. कोणी विचारलं नाही तरी सांगते कारण पुढेमागे कोणीतरी विचारणारच की इथूनच अँटीव्हेनम घेऊन जाऊ का. नाही. आपलं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, तिकडच्या मांबावर किंवा पफ ॲडरवर ते चालत नाही. पफ ॲडर म्हणजे आपल्या घोणशीचाच लांबचा नातेवाईक समजा, तसाच जाड, आळशी, पायवाटेवर पडून राहतो आणि पावलं ऐकूनही हलत नाही. म्हणून रात्री टॉर्च आणि बंद बूट, एवढंच. पर्यटकांना साप चावल्याचे प्रसंग फारच विरळ, कारण पर्यटक चालतोच कुठे. सकाळी बूट मात्र उलटे करून झटका, सापापेक्षा विंचवासाठी.

चिमणी_चिंचवडची
नैरोबी फ्लाय! नाव फ्लाय पण माशी नाही, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा लाल-काळा पट्ट्यांचा किडा, मुंगीसारखा दिसतो. चावत नाही, डंख नाही, काहीच नाही. मी नोव्हेंबरात गेले होते, त्यांच्या छोट्या पावसात. दिव्यावर येतात. जेवताना मानेवर काहीतरी वळवळलं आणि मी सवयीने चिरडलं. त्या वेळी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पट्टा, तिसऱ्या दिवशी ॲसिड सांडल्यासारखे फोड, आणि तोच हात डोळ्याला लागला होता म्हणून एक डोळा बंद. सगळे फोटो एका डोळ्याचे आहेत माझे. त्याच्या रक्तात विष असतं, अंगावर बसला तर फुंकर मारून उडवायचा किंवा कागदावर घेऊन टाकायचा, चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवायचं. तुम्ही ऑगस्टात जाताय, कोरडं असतं, बहुतेक भेटणार नाही.

हो, आणि गेटवर परवान्यासाठी गाडी थांबते तिथे खिडक्या बंद. माकडाने माझ्या मांडीवरून बाकरवडी नेली. ओरखडा नाही आला म्हणून बरं, आला असता तर पंधरा मिनिटं साबणाने धुणं आणि रेबीजची इंजेक्शनं ठरलेली.

भटकी_मांजर
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. सासऱ्यांना बीपीची एक गोळी आहे फक्त. सासूबाईंना संधिवात आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतात. ही चालते का?

ओपीडी_नंतर
हे फार महत्त्वाचं आहे. मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती दाबतं. जिवंत लस देण्याआधी त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं, आणि लसीसाठी ते औषध मनाने बंद करू नका. बहुतेक लस नकोच म्हणतील.

कोमल_गांधार
अवांतर. सिंह तंबूत शिरत नाही म्हणता, मग ते त्सावोचे काय होते?

नैरोबीकर
😀 आलाच हा प्रश्न. ते १८९८ सालचं. इंग्रज मोम्बासाकडून रेल्वे टाकत होते, त्सावो नदीवर पूल चालू होता, आणि मजूर बहुतेक सगळे हिंदुस्थानातून नेलेले. दोन सिंह, दोघांनाही आयाळ नाही, रात्री काटेरी कुंपणातून शिरून तंबूतून माणसं ओढून न्यायचे. नऊ महिने चाललं, मजूर काम सोडून पळाले, शेवटी पॅटरसन नावाच्या इंजिनिअरने डिसेंबरात दोघांनाही मारलं. तो १३५ माणसं खाल्ली म्हणायचा, पुढे शास्त्रज्ञांनी त्यांच्या हाडा-केसांवरून हिशेब केला तो पस्तीसच्या आसपास. आज ते पेंढा भरून शिकागोच्या म्युझियममध्ये आहेत. इथे येणाऱ्या प्रत्येक भारतीय पाहुण्याला मी हे सांगतो, कारण आपल्या त्या माणसांची नावं कोणाला माहीत नाहीत, सिंहांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

ताई, अंबोसेलीत हत्तींबद्दल एक राहिलं. आपल्याकडे गंडस्थळातून पाणी वाहिलं की हत्ती माजावर आला म्हणतात. आफ्रिकेतल्या हत्तिणींनाही ते वाहतं, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. नर असेल, मागचे पाय सतत ठिबकणाऱ्या लघवीने ओले असतील आणि डोकं उंच धरून चालत असेल तर ड्रायव्हर स्वतःच गाडी मागे घेईल. त्याला "भैया थोडा आगे लो" करू नका.

आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१७ पासून बंदी आहे. औषधं, खाऊ कापडी पिशव्यांत भरा.

भटकी_मांजर
अपडेट द्यायचं कबूल केलं होतं. गेल्या मंगळवारी परत आलो.

सासूबाई आल्या नाहीत. त्यांच्या डॉक्टरांनी लसीला सरळ नाही सांगितलं. टूरवाल्यांनी बुकिंगच्या वेळी वयं विचारली होती, औषधं कोणाची विचारली नव्हती, आता पैसे परत मागितले तर नियम दाखवतायत. मी रडकुंडीला आले होते पण त्याच म्हणाल्या, तुम्ही जा, मी कोल्हापूरला बहिणीकडे जाते, तिथे कडी आहे दाराला. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, गोळ्या घेतल्या का सगळ्यांनी. सासऱ्यांना केंद्रावर तपासून, बराच वेळ प्रश्न विचारून लस दिली, दोन दिवस अंग दुखलं, बास.

पाणघोडा पाहिला, अस्कारीच्या मागे उभं राहून. तो आवाज, नैरोबीकर, अगदी म्हशीचाच! सासरे गावाकडचे, ते म्हणाले चाळीस वर्षांनी ऐकला. चिमणीताईंची माकडं गेटवर हजर होती, खिडक्या बंद होत्या, आमच्या शेजारच्या गाडीची केळी गेली. सिंह खरंच गाडीच्या सावलीत येऊन बसला, लेक वीस मिनिटं हूं की चूं नाही. शाळेत असं बसत नाही कधी.

त्सेत्से चावल्या. तिसऱ्या दिवशी, झुडपांच्या पट्ट्यात, एकाच माणसाला सहा ठिकाणी. बाकी कोणाला एकही नाही. गाठ वगैरे नाही, सूज उतरली.

गोळ्यांचे आणखी तीन दिवस राहिलेत. फ्रिजवर कागद लावलाय, रोज टिक करतोय, आणि फॅमिली डॉक्टरांना आधीच मेसेज टाकून ठेवलाय की केनियाहून आलोय, ताप आला तर आधी काच बघा. तळजाईंची पोस्ट नवऱ्याला तीनदा वाचायला लावली. फोटोंसाठी वेगळा धागा काढते.

सेरेंगेटी_रिटर्न
सहा ठिकाणी एकाच माणसाला? टीशर्टचा रंग सांगा आधी.

भटकी_मांजर
नेव्ही ब्लू 🤦‍♀️ म्हणे "हा डार्क ग्रे आहे".